पायाखालची सुतळी

नाटकाच्या गटात तू काय करतेस, असं कोणी विचारलं की मी जरा अडखळते. खरं उत्तर असं आहे की मी सुतळी चिकटवते.

रंगमंच रिकामा असतो तेव्हा मी गुडघ्यांवर बसून फळ्यांवर सुतळी ताणून धरते आणि तिच्यावर रुंद खाकी टेप दाबून बसवते. टेपखाली सुतळीचा उंचवटा राहतो आणि अनवाणी पायाला तो लगेच कळतो. ज्यांना दिसत नाही ते आमचे कलाकार त्या उंचवट्यावरून विंगेतून मधल्या बाकापर्यंत येतात, तिथून पुढे जातात, परत फिरतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या बऱ्याच अलीकडे मी दोन सुतळ्या शेजारी शेजारी आडव्या लावते. पायाखाली दोन उंचवटे आले की थांबायचं. त्याच्यापुढे काही नाही.

मी सावेडीत राहते. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करते. त्यामुळे कित्येक दिवस घरच्यांशिवाय कोणाशी बोलायची वेळ येत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. आईला वाटतं. जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी अपंग मुलामुलींच्या नाटकाच्या तालमी चालतात, त्यांना मदतीला माणसं हवी आहेत, असं तिला शेजारच्या काकूंकडून कळलं आणि तिने मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी मला येतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून मी बहुतेक वेळा बघत बसते. बघण्यात तरी आपण तरबेज आहोत, असा माझा समज होता.

पहिल्याच दिवशी मला तिथे हलकं वाटलं. कशामुळे ते लक्षात आल्यावर थोडी लाजही वाटली. गटातल्या निम्म्या जणांना दिसत नव्हतं, म्हणजे माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. पण ते सुख फार टिकलं नाही.

"नवीन मॅडम आहेत का गेल्या?" एकाने हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"मग जरा आवाज करत जा की. आम्ही काय भुताला धडकायचं?"

सगळे हसले. पुढच्या रविवारी एका मुलीने माझा हात चाचपून धरला आणि त्यात काचेच्या बांगड्या सरकवल्या. "बोलायचं नसेल तर नको बोलू, ताई. या घाल. निदान वाजशील तरी." लग्नकार्याशिवाय मी कधी बांगड्या घातल्या नव्हत्या. त्या मात्र दर रविवारी घालायला लागले.

ती मुलगी कोल्हारची. आमचे सर सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारतात. वर्षानुवर्षं हौशी नाटकं बसवणारा माणूस, आवाज मोठा, मन हळवं. "ए भंडारदरा, खुर्ची मागे घे. कोल्हार, एंट्री तुझी. सावेडी, टेप कुठे आहे?" सावेडी म्हणजे मी. कोल्हारला जन्मापासून दिसत नाही. "सरकारी कागदावर दिव्यांग, गावात आंधळी, इथं कोल्हार," ती म्हणायची. "घरचं नाव फक्त आईला आठवतं."

आई दर रविवारी एसटीने तिच्याबरोबर यायची. बसमधून उतरल्यापासून हॉलच्या दारापर्यंत लेकीचं मनगट तिच्या मुठीत असायचं. तालीम संपेपर्यंत ती मागच्या भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन बसायची. बाप आम्ही पाहिला नव्हता, पण ओळखत होतो, कारण कोल्हार त्याची नक्कल करायची. प्रवरेच्या काठी त्यांची शेती, पेरूची बाग. संध्याकाळी बाप ओसरीवर बसून लेकीला अंगणात चालवायचा.

"डावीकडं बादली हाय. थांब, म्हैस फिरली. आता चल. चल की, मी बघतोय ना!" ती खर्जात बोलून दाखवायची आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणायची, "आई हाताने चालवते, पप्पा तोंडाने. मी घरात रिमोटवर आहे."

तिला पुण्याला जायचं होतं. तिथे अंध मुलींच्या वसतिगृहात राहून, बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम शिकवतात, तो कोर्स तिला करायचा होता. प्रवेश मिळण्यासारखा होता. अडलं होतं ते बापाच्या एका शब्दावर. तो नाही म्हणत नव्हता आणि हो म्हणत नव्हता. शेवटी नाटकाची तारीख ठरली तेव्हा तो म्हणाला की मी येतो प्रयोगाला. तू तिथं एवढ्या माणसांत एकटी चाल. कोणी हात धरायचा न्हाई. मी पन तोंड उघडनार न्हाई. चाललीस, तर पुण्याचं बघू.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी जमिनीवर बसून टेप फाडत होते. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि बोटांनी सुतळीचा उंचवटा चाचपत राहिली.

"सुतळी चालते ना त्यांना?" मी विचारलं.

"सुतळी चालेल. रस्त्याला पण कड असतेच की. हात नको आणि आवाज नको, एवढंच." मग थोडं थांबून म्हणाली, "ताई, नीट लाव हं. माझं पुणं हिच्यावर आहे. आणि काही झालं तरी मला धरायला येऊ नकोस. शपथ घे."

मी शपथ घेत नाही कुणाची. मी नुसतं "हो" म्हणाले.

नाटक मुलांनी स्वतःच रचलं होतं. एका एसटी स्टँडवर काही माणसं बसची वाट बघत बसली आहेत आणि बस येते, पण त्यांच्यासमोर न थांबता पुढे जाऊन उभी राहते, एवढीच गोष्ट. भंडारदऱ्याचा मुलगा व्हीलचेअरवर बसून कंडक्टर व्हायचा. बस चढू न शकणारा कंडक्टर, हा विनोद त्याचाच. कोल्हार प्रवासी होती. हॉर्न वाजला की तिने बाकावरून उठून रंगमंचाच्या पुढच्या भागात यायचं, कारण बस प्रेक्षकांत उभी आहे असं आम्ही मानलं होतं, आणि तिथे दोन सुतळ्यांवर थांबून विचारायचं, "ओ कंडक्टर, गाडी पुणं का?"

हे वाक्य तिनेच घातलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी सावेडीतल्या एका सभागृहात सुतळी लावली. कोल्हार सुतळीवरून पुन्हा पुन्हा चालली. एकदा मुद्दाम वेगात चालली आणि दोन उंचवट्यांवर येऊन झटकन थांबली. "पक्कं आहे," ती म्हणाली. मी घरी गेले, काळे कपडे घातले, चहा घेतला आणि परत आले तेव्हा पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला होता.

सत्कार आधी करायचा हे ठरलेलंच असतं. पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम असतो, त्यामुळे नाटक कितीही छोटं असलं तरी हार आणि शाली आधी. संयोजकांनी तो खाली, पडद्यापुढे करू म्हणून कबूल केलं होतं. पण पाहुणे अपेक्षेपेक्षा मोठे निघाले आणि त्यांना खाली कसं बसवायचं, म्हणून आयत्या वेळी खुर्च्या रंगमंचावर गेल्या. खुर्च्या गेल्या म्हणून त्यांच्याखाली लाल कार्पेट गेलं. मी विंगेतून पाहिलं, तर कार्पेट पार पुढच्या कडेपर्यंत होतं, एवढंच काय, शोभेसाठी ते कडेवरून खाली सोडलं होतं.

"खाली सुतळी होती," मी मंडपवाल्याला म्हणाले.

"ती व्हय? ती काढली ना, ताई," तो उत्साहाने म्हणाला. "मागच्या कार्यक्रमाची घाण राहिली हुती, लई चिकटलेली. सगळी खरडून काढली. झाडून बी घेतलं."

त्याने खरंच झाडून घेतलं होतं. कोपऱ्यात माझ्या टेपचा गोळा पडला होता, सुतळीसकट.

सरांना सांगायला मी धावले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि मग लगेच खाली घेतले, कारण मुलं आजूबाजूला होती आणि ज्यांना दिसत नाही त्यांनाही अशा गोष्टी कळतात. कार्पेट काढायचं तर चहूबाजूंनी ठोकलेलं, पाहुणे खाली येऊन पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसलेले. सर म्हणाले, "असं करू. काळ्या कपड्यातल्या सगळ्यांनी एकेकाला हात धरून न्यायचं. जागेवर सोडायचं, परत आणायचं. काही बिघडत नाही."

बाकीच्यांचं खरंच काही बिघडत नव्हतं. एकजण म्हणाला, "बरंय, आज मला हिरोसारखी एंट्री." कोल्हार म्हणाली, "मी एकटी जाणार."

"अगं, खाली काही नाहीये आज. नुसतं गुळगुळीत आहे."

"असू दे."

"पडलीस म्हणजे? कड उंच आहे, बाळा."

"सर, पप्पा बसलेत समोर."

सरांना ती गोष्ट माहीत होती. त्यांचा चेहरा क्षणभर हलला, पण तिसऱ्या घंटेची वेळ झाली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सावेडी, तुम्ही हिला धरून न्या. बास." आणि घंटेकडे गेले.

ती माझ्या कानाशी आली. "ताई, हात लावलास तर स्टेजवर झटकून टाकीन. सगळ्यांसमोर. मग तुझीच शोभा होईल."

पडदा उघडला. काळ्या कपड्यातले स्वयंसेवक एकेकाला हाताला धरून आत नेत होते आणि प्रत्येकाला प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. कोणी अजून एक शब्द बोललं नव्हतं.

"टाळ्या कशाला वाजतायत?" कोल्हारने विंगेत मला विचारलं.

"त्यांना आणून बसवतायत म्हणून."

"वा," ती म्हणाली.

मग तिची वेळ आली. तिने अनवाणी पाय कार्पेटवर ठेवला, बोटांची उघडझाप केली. "गादीवर चालल्यासारखं आहे," ती पुटपुटली आणि गेली. मी हात लावला नाही. विंगेतून दुसरी रांग दिसत होती. खादीची टोपी हातात धरून बसलेला तो माणूस तिचा बाप असणार, हे मी लगेच ओळखलं, कारण शेजारी तिची आई होती आणि लेकीचं मनगट नव्हतं म्हणून तिने नवऱ्याचं धरलं होतं.

बाकापर्यंत ती नीट गेली. गुडघा बाकाला लागला, ती बसली, तिची वाक्यं झाली, लोक हसले. मग रेकॉर्ड केलेला हॉर्न वाजला आणि ती उठली. उठताना ती किंचित तिरकी झाली. एरवी सुतळीने पाय सरळ केला असता. आज ती तिरक्या रेषेत पुढे निघाली, बाकापासून लांब, जिथे कड जवळ येते त्या बाजूला. एक पाऊल, आणखी एक. पायाखाली सगळीकडे तेच मऊ लाल कापड, कडेवरसुद्धा. माझ्या बांगड्या वाजल्या तर ती आवाजाकडे ओढली जाईल, म्हणून मी त्या दुसऱ्या हाताने आवळून धरल्या. ओरडावंसं वाटत होतं. शब्द मनात जुळत नव्हता, कुठल्याच भाषेत. मी डोळे मिटले.

"थांब! थांब गं बाई, फुडं काय न्हाई!"

त्या आवाजाने सभागृह हादरलं. मी डोळे उघडले. ती कडेवर उभी होती. उजव्या पायाची बोटं कडेच्या बाहेर होती. दुसऱ्या रांगेत तिचा बाप उभा राहिला होता.

कोणी हललं नाही. मग तिने मान वर केली आणि जिथे उभी होती तिथूनच, जराही न थरथरता, विचारलं, "ओ कंडक्टर, गाडी पुणं का?"

भंडारदऱ्याच्या मुलाचं वाक्य इथे नव्हतं, पण तो मागून ओरडला, "बाई, ड्रायव्हरच्या अंगावर कुठं चढता? माझ्या आवाजाकडं या, दार इकडं हाय!" प्रचंड हशा झाला. ती वळली आणि त्याच्या आवाजाकडे चालत गेली. नाटक पुढे सरकलं. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि पाहुणे, जे आधी जाणार होते, तेही थांबले होते.

रंगमंचामागच्या अरुंद बोळात बाप आला. टोपी त्याने मुठीत चुरगाळली होती.

"मी वरडलो नसतो तर?" तो म्हणाला.

"मी थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही नंतर ओरडलात."

"नंतर? मी थांब म्हनलो आन तू थांबली."

"मी थांबले आन तुम्ही थांब म्हणालात! तोंड उघडणार नाही म्हणाला होतात. शब्द दिला होतात, पप्पा."

"शब्द घेऊन काय करू? तू खाली पडल्यावर चाटू त्याला?"

"गप बसा दोघं बी," आई म्हणाली. "मान्सं ऐकत्यात."

"ताईला विचारा," कोल्हार म्हणाली. "ती तिथंच होती. ती सगळं बघत असते. ताई, सांग. मी आधी थांबले का हे आधी ओरडले?"

बापही माझ्याकडे वळला. "सांगा मॅडम. तुमी शिकलेल्या. तुमी म्हनाल ते मी मानतो."

तिघंही माझ्याकडे तोंड करून उभी होती. एक वाक्य माझ्याकडे तयार होतं, छोटंसं, दोन शब्दांचं. ते म्हटलं असतं तर तिचं पुणं तिथेच ठरलं असतं. पण जे मी पाहिलं नव्हतं ते पाहिलं म्हणून सांगताना माझा आवाज कसा येईल, याची मला भीती वाटली. तिच्या कानांना तो फरक कळलाच असता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी डोळे मिटले होते."

कोल्हार म्हणाली, "ज्याला दिसतं त्याने तरी डोळे उघडे ठेवायचे, ताई."

हे वाक्य तिने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती थकलेली होती.

मग ती एकदम सरळ झाली. "मी परत चालते. आत्ता. कार्पेट आहे ना अजून? चला. पप्पा, तुम्ही होतात तिथं बसा. ताई, तू होतीस तिथं उभी राहा. आणि कोणी बोलायचं नाही."

सर म्हणाले, सभागृह रिकामं करून द्यायचं आहे. कोणी ऐकलं नाही. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या उचलत होती, तीही थबकली. बाप दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. एवढ्या रिकाम्या सभागृहात तो फार लहान दिसत होता. आई बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली.

कोल्हार विंगेतून निघाली. बाक हलवलं होतं, ते तिला लागलं नाही, तरी ती तशीच पुढे गेली, यावेळी आणखीच तिरकी. मी पापणी मिटू दिली नाही. बापाने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. कड जवळ आली. तिने उजवा पाय पुढे टाकला, आणि तेव्हा मला दिसलं की ती तो पाय टाकत नाही, पाठवते. अंगाचा भार मागच्या पायावर असतो, पुढची बोटं कापडावरून सरकत जातात, हवा लागली की थांबतात. इतक्या तालमींत मी तिच्या पायाखालची सुतळी बघत आले होते, पाय कधी पाहिला नव्हता. बोटं कडेबाहेर गेली आणि ती थांबली. अगदी मघासारखीच.

"झालं," ती म्हणाली. "आता बोला."

बाप पुढे आला, रंगमंचाखाली, तिच्या पायांशी उभा राहिला.

मी विंगेतून बाहेर येऊन म्हणाले, "काका, भार मागच्या पायावर होता. मी नीट पाहिलं."

"आत्ता."

"हो."

"आन मघाशी?"

"मघाचं मला माहीत नाही."

त्याने मान हलवली. "मॅडम, पुन्यातल्या रस्त्यावर असं परत चालून दाखवाया मिळत न्हाई," तो म्हणाला आणि लेकीला खाली घ्यायला त्याने दोन्ही हात वर केले. तिने ते हात चाचपले, बाजूला केले, कडेवर बसली आणि उडी मारून एकटीच खाली उतरली.

ते गेल्यावर मी टेपचा गोळा घरी घेऊन आले. का ते सांगता येणार नाही. आईने कचऱ्यात टाकला.

बरेच रविवार कोल्हार आली नाही. फोन केला तर तिची आई उचलायची आणि म्हणायची, बरी हाय, बोलत न्हाई फारशी. मग एके दिवशी तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला. "ताई, पप्पा हो म्हणाले. कसं काय ते विचारू नको, त्यांनी सांगितलं नाही. एक अट आहे. संध्याकाळी क्लास सुटला की मी त्यांना फोन लावायचा, खिशात टाकायचा आणि वसतिगृहापर्यंत चालायचं. ते नुसते ऐकणार. एक शब्द बोलायचा नाही, ही माझी अट." मग तिचं हसू ऐकू आलं. "रिमोटचे सेल काढलेत मी."

तेव्हापासून ती पुण्यात आहे. मला तिची काळजी वाटते, हे मी तिला सांगत नाही. रिक्षांच्या, दुचाकींच्या अपघातांचे व्हिडिओ माझ्या फोनवर येत राहतात आणि प्रत्येक ठिकाणी मला तो पुढे पाठवलेला पाय दिसतो.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी नवीन नाटकासाठी हॉलमध्ये सुतळी लावत होते आणि तिच्या बापाचा फोन आला. त्याने मला कधीच फोन केला नव्हता.

"मॅडम, आवाज गेला. ती चालत हुती, मोठा हॉर्न वाजला आन फोन कट झाला. परत लावतोय तर लागत न्हाई."

मी माझ्या कामाच्या दुसऱ्या फोनवरून तिला लावून पाहिलं. बंद होता. वसतिगृहाचा नंबर कोणी उचलत नव्हतं. "थांबा काका," मी म्हणाले, "फोन ठेवू नका." आम्ही दोघंही फोन कानाला लावून गप्प राहिलो. त्याच्या बाजूने विहिरीवरची मोटर ऐकू येत होती. माझ्या बाजूने त्याला बांगड्या ऐकू येत असतील, कारण माझा हात थांबत नव्हता.

अखेर एका अनोळखी नंबरवरून तिचा फोन आला, मैत्रिणीच्या. "अगं, चार्जिंग संपलं. पोचले मी. पप्पांना सांग, आणि ओरडू नका म्हणावं."

मी सांगितलं. पलीकडे त्याने मोठा श्वास सोडला, मग हसल्यासारखा आवाज आला. "मी कुठं वरडलो?"

मला वाटलं तो आता फोन ठेवेल. ठेवला नाही.

"मॅडम, त्या दिवशी तुमी खरंच डोळे मिटले हुते?"

"हो, काका."

मोटर चालू होती.

"माझे बी मिटले हुते," तो म्हणाला. "मी काय बघून वरडलो न्हाई. घरी आल्यावर लई दिवस इचार केला, पन मला तरी कुठं दिसलं हुतं?"

ती आधी थांबली होती की तो आधी ओरडला, हे सांगू शकणारं आम्हा तिघांत एकच माणूस होतं, आणि ते पहिल्यापासून सांगत होतं.

"तिला सांगितलंत?" मी विचारलं.

"न्हाई. सांगन, दिवाळीला आली की." मग घाईघाईने म्हणाला, "तुमी सांगू नका."

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि परत गुडघ्यांवर बसले. कडेच्या अलीकडची दुसरी सुतळी लावायची राहिली होती.